फक्त माप बदलून मिळेल

१

निशिकांतशेठ नववी नापास होते, आणि ही गोष्ट ते कुणी न विचारता सांगत. पुण्याच्या रविवार पेठेत एकेचाळीस वर्षं त्यांनी लहान मुलींच्या फ्रॉकचं दुकान चालवलं. धंदा कुणी शिकवला नाही. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघत बघत शिकले. गल्ल्यामागे पाटी होती: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही. फक्त माप बदलून मिळेल.’ आणि रस्त्याच्या बाजूला शोकेसमध्ये एक डमी, दहा वर्षांच्या मुलीएवढी.

त्या डमीचा किस्सा त्यांचा हुकमी. चौऱ्याऐंशी साली सासवडचा एक ट्रकड्रायव्हर आला, घाईत. शोकेसकडे बोट दाखवून म्हणाला, “पोरगी हिच्याच अंगाची आहे, हाच द्या बांधून.” शेठनी दिला. तीन दिवसांनी तोच फ्रॉक हातात घेऊन दारात उभा. “शेठ, तुमच्या पुतळीला बसला, माझ्या पोरीला नाही!” बसणार कसा? शोकेसमधला कुठलाच कपडा डमीला बसत नसतो. मागून चिमटीत धरून टाचण्या लावायच्या, मानेपासून कमरेपर्यंत ओळीनं. पुढून बघणाऱ्याला वाटतं, काय सुरेख बसलाय. गिऱ्हाईक मागे जात नाही, यावर सगळा धंदा उभा.

डमीच्या बाबतीत त्यांच्या पत्नीचा, अरुणाताईंचा, एक नियम होता. कपडे बदलताना तिला क्षणभरही उघडी ठेवायची नाही. एक उतरवला की दुसरा तयार हवा, नाहीतर निदान टॉवेल गुंडाळायचा. “बाईमाणूस आहे ती,” अरुणाताई म्हणायच्या, “भर पेठेत उघडी कशी उभी करताय?” शेठ हसायचे, पण नियम पाळायचे. अरुणाताई गेल्या, दुकान विकलं, आणि शेठ मुलीकडे सिंगापूरला आले. तरी जाता-येता कुठल्याही मॉलमधल्या डमीच्या मागे जाऊन टाचण्या बघायची सवय काही सुटली नाही.

तिथे बिशान भागात दहाव्या मजल्यावर त्यांची मुलगी शुभा, जावई श्रीधर आणि नात जाई. शुभा आणि श्रीधर सकाळी आठला ऑफिसला जात, सातला परत येत. मधला सगळा दिवस आजोबा आणि शाळेतून आलेली जाई. जाई पंधरा वर्षांची, एका जागी दोन मिनिटं ठरत नसे. बसली की पाय हलव, उभी राहिली की डावं पाऊल आत वळवून वाकडी, उजव्या कोपरावर डास चावल्याची खपली, ती सारखी खरवडायची. बुटाची लेस कायम सुटलेली. शेठ वाकून बांधायचे, ती तिथल्या इंग्रजीत म्हणायची, “आजोबा, लीव्ह इट लाह.” आणि सासवडच्या ड्रायव्हरचा किस्सा सुरू केला की शेवट तीच करून टाकायची: “पुतळीला बसला, पोरीला नाही. ऑलरेडी टोल्ड. टेन टाइम्स.”

शेठना त्याचा राग येत नसे. खरं तर त्यासाठीच ते किस्सा सुरू करायचे.

२

जाईला वाढदिवसाला लोलिता ड्रेस हवा होता. हा जपानी प्रकार. घेरदार फ्रॉक, आत फुगवणारा परकर, झालरी, लेस, डोक्याला हातभर बो. पोरी असे कपडे घालून हॉटेलात चहाला जमतात. येत्या शनिवारी जाईला पहिल्यांदाच बोलावलं होतं.

“पंधराव्या वर्षी बाहुली व्हायचंय हिला,” शुभा म्हणाली.

“अगं, होऊ दे की,” शेठ म्हणाले. “हे तर आपलेच ऐंशी सालचे फ्रॉक. फक्त पोरी मोठ्या झाल्या.”

“बाबा, तुम्हीच न्या मग. मला ते दुकान बघायचंही नाही.”

गुरुवारी दुपारी दोघं एकदा गाडी बदलून बुगिसला उतरले आणि हाजी लेनमध्ये शिरले. गल्ली अरुंद, भिंतींवर चित्रं, खाली कॉफीची दुकानं, फोटो काढणाऱ्यांची गर्दी. जाईने फोनवर पत्ता बघून एका लाकडी जिन्याकडे बोट दाखवलं. वर पाहिलं तर पहिल्या मजल्याच्या खिडकीत, काचेमागे, एक डमी उभी. अंगात फिकट जांभळा ड्रेस, त्यावर चेरीचे छापे.

“आजोबा, दॅट वन! ओ माय गॉड, दॅट वन!”

“हळू,” शेठ म्हणाले. “आवडलंय हे दुकानदाराला कळू द्यायचं नसतं.”

वर खोली लांबट होती. जमिनीवर लाकडी फळ्या, एसीची घरघर, आणि कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास. शेठचा जीव तिथेच रमला. त्यांनी दोन-चार झालरी चिमटीत धरून पाहिल्या. शिलाई बारीक, लेस सुती, आतून ओव्हरलॉक स्वच्छ. मनात म्हणाले, माल खरा आहे.

दुकानात एकच बाई. पन्नाशीची असावी, जपानी की चिनी ते शेठना ओळखता आलं नाही. गळ्यात मापाची टेप, मनगटाला टाचण्यांची गादी. आली, वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि जाईकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. शेठ ती नजर ओळखून होते. टेप न लावता माप घेणारी नजर. त्यांचीही तशीच होती.

“तो खिडकीतला,” शेठ इंग्रजीत म्हणाले.

“लास्ट पीस,” बाई म्हणाली. “डिस्प्ले.”

झालं. शेठना हवं ते हातात आलं. “डिस्प्ले म्हणजे उन्हात उभा असलेला माल, मॅडम. रंग उडालेला असणार, टाचण्यांची भोकं पडलेली असणार. मीही याच धंद्यातला. डिस्प्लेचा भाव वेगळा लावतात.” आणि मुद्दा पटवायला ते सवयीने डमीच्या मागे गेले.

टाचण्या नव्हत्या. एकही नाही. ड्रेस पाठीला असा बसला होता की बोट आत जाईना. शेठ दोन क्षण तिथेच उभे राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, जपानी लोक. डमीसुद्धा मापाने बनवत असतील.

“ओके,” बाई म्हणाली. भाव तिने लगेच उतरवला, घासाघीस न करता, आणि याचंच शेठना जरा वाईट वाटलं. “बट शी कॅनॉट स्टँड एम्प्टी.”

“म्हणजे?”

बाईने जाईच्या टी-शर्टकडे आणि जीन्सकडे बोट दाखवलं, मग डमीकडे. “शी वेअर धिस. युवर गर्ल वेअर दॅट. गो होम.”

“माझा टी-शर्ट ठेवायचा?” जाई म्हणाली. “जुना आहे. कॅन, चालेल. शूज पण?”

“शूज ऑल्सो. आय गिव्ह न्यू.”

शेठना एकदम अरुणाताई आठवल्या. रविवार पेठेतला नियम समुद्रापलीकडे या बाईकडेही होता. ते खूश होऊन म्हणाले, “बरोबर आहे. उघडी ठेवू नये. द्या बांधून.”

३

ट्रायल रूम म्हणजे कोपऱ्यातला जाड मखमली पडदा. बाईने डमीच्या कमरेत हात घातला, काखेत मारली आणि पडद्याआड गेली. डमी अशीच उचलतात. पोकळ असते, वजन काही नसतं. मागोमाग जाई गेली. पडदा सरकला.

शेठ स्टुलावर बसले. आतून जाईचा आवाज येत होता, मिनिटाला शंभर शब्द. परकर टोचतोय, चेन मागे आहे, शनिवारी कोण कोण येणार, आंटी तुमच्याकडे मांजर आहे का. मग चेन वर जाण्याचा आवाज. मग एक बारीक आवाज, टक्, टक्, टक्, ओळीने. टाचण्या लावताना नख लागतं तसा. जाई बोलायची थांबली होती.

शेठना वाटलं, कमरेत सैल असेल, बाई खुणा करत असेल. डिस्प्लेचा माल आहे, चालायचंच.

पडदा सरकला आणि जाई बाहेर आली. शेठ उभेच राहिले. एकेचाळीस वर्षांत इतका बसलेला फ्रॉक त्यांनी पाहिला नव्हता. ताठ उभी, दोन्ही हात झालरीवर, पाय जुळवलेले.

“कसा दिसतो, आजोबा?” स्वच्छ मराठीत.

“लक्ष्मी,” शेठ म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी वयावर ढकललं.

मागून बाई डमी घेऊन आली. डमीच्या अंगात जाईचा टी-शर्ट, जीन्स, बूट. या वेळी बाईने ती काखेत मारली नव्हती. दोन्ही हातांनी छातीशी धरून, पाय फाकवून, थांबत थांबत आणत होती. कपाळावर घाम होता. खिडकीत ठेवताना फळी करकरली.

शेठना मदत केल्याशिवाय राहवेना. डमी जरा वाकडी उभी होती, डावं पाऊल आत वळलेलं. त्यांनी घोटा धरून ते सरळ केलं. बुटाची लेस सुटलेली होती. वाकलेच होते, तर तीही बांधली. दुहेरी गाठ.

टी-शर्टला मागून टाचण्या लावायची गरज पडली नव्हती. हे त्यांच्या लक्षात आलं ते गाडीत, बिशान यायच्या आधी दोन स्टेशनं. लक्षात आलं आणि गर्दीत उतरताना निसटून गेलं.

४

शनिवारचा चहा छान झाला. जाईचे फोटो बघून श्रीधरसुद्धा म्हणाला, “अरे, ही सरळ उभी राहते कधीपासून?”

शुभा तर हरखून गेली होती. जाई आता जेवायच्या टेबलावर पाय हलवत नसे. हाक मारली की पहिल्या हाकेला येई. फोन बाजूला ठेवून समोर बघे. “बाबा, काय जादू केलीत? मी दोन वर्षं ओरडतेय तिच्यावर.”

“कपड्याचा गुण असतो,” शेठ म्हणाले. “पोरीला चांगला कपडा मिळाला की ती आपोआप…”

“सांगा ना आजोबा,” जाई म्हणाली. “तो सासवडचा किस्सा सांगा.”

शेठनी सांगितला. शेवटाजवळ आल्यावर सवयीने थांबले, तिच्यासाठी जागा सोडून. जाई त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे मोठे, ओठांवर हसू तयार.

“मग?” ती म्हणाली.

“मग… म्हणाला, पुतळीला बसला, पोरीला नाही.”

जाई हसली. अगदी वेळेवर.

सगळ्यांना किस्सा शेवटपर्यंत ऐकणारं माणूस हवं असतं, आणि शेठना ते एकाहत्तराव्या वर्षी मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी ‘मग?’ त्याच ठिकाणी, हसू त्याच ठिकाणी. मंगळवारी शेठनी पहिल्यांदा ‘आज घसा बसलाय’ म्हणून टाळलं.

पोरी वयात येताना बदलतात. शुभाही अशीच एका उन्हाळ्यात बदलली होती. हे त्यांनी स्वतःला पटवलं. पण दुकानदाराचं डोकं, माल मोजल्याशिवाय गप्प बसत नाही. जाईच्या कोपरावर खपली नव्हती. बरी झाली म्हणावं, तर डागही नव्हता. आणि गुरुवारपासून आपण हिची पाठ पाहिलेली नाही.

हे विचित्र होतं, म्हणून त्यांनी लक्ष ठेवलं. लिफ्टमध्ये ती भिंतीला टेकून उभी राही. सोफ्यावर आधीच बसलेली असे. खोलीतून जाताना ती बोलत बोलत, हसत, त्यांच्याकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत दारातून जाई. लहानपणी देवळातून निघताना पाठ दाखवायची नाही म्हणून आपल्याला शिकवत, तशी.

५

बुधवारी दुपारी घरात दोघंच होती. जाई शाळेच्या गणवेशात सोफ्यावर ताठ बसली होती. आज शेठनी मुद्दाम सोफा हातभर पुढे ओढून ठेवला होता, झाडायच्या निमित्ताने. मागे शुभाच्या क्रोकरीचं कपाट, त्याला काचेची दारं.

“किस्सा सांगा ना, आजोबा.”

शेठ समोरच्या खुर्चीत बसले. “चौऱ्याऐंशी साली,” त्यांनी सुरुवात केली, “सासवडचा एक ट्रकड्रायव्हर आला…”

त्यांची नजर तिच्या खांद्यावरून काचेत गेली.

गणवेशाचा पांढरा ब्लाउज पाठीवर चिमटीत गोळा केलेला होता. मानेपासून कमरेपर्यंत टाचण्यांची रांग, एकसारख्या अंतरावर. इथपर्यंत ठीक होतं. कपडा सैल असेल. पण रांग कॉलरपाशी थांबली नव्हती. वर, केसांच्या मुळापर्यंत गेली होती. तिथे कापड नव्हतं.

गिऱ्हाइकासमोर चेहरा बदलू द्यायचा नाही, ही एक गोष्ट शेठ दुकान उघडल्यावर पहिल्याच महिन्यात शिकले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत आग लागली होती त्या दिवशीसुद्धा त्यांनी आधी गिऱ्हाइकाला बिल दिलं होतं. त्यांनी किस्सा चालू ठेवला. बोट दाखवलं, बांधून दिला, तीन दिवसांनी परत आला.

“मग?”

“पुतळीला बसला,” शेठ म्हणाले. “पोरीला नाही.”

ती हसली. काचेत टाचण्या हलल्या.

शेठ पाणी प्यायले. मग म्हणाले, “जाई, चल, त्या दुकानात जाऊन येऊ.”

“हो आजोबा,” ती म्हणाली.

६

हाजी लेनमध्ये ऊन होतं. शेठनी गल्लीतूनच वर पाहिलं. खिडकीत जाईचा टी-शर्ट होता. डावं पाऊल पुन्हा आत वळलं होतं. दुहेरी गाठ मारलेली लेस सुटून लोंबत होती.

जिना ते कसे चढले त्यांना आठवत नाही. वर जाऊन त्यांनी डमीचा उजवा हात पाहिला. कोपरावर खपली. ताजी खरवडलेली, कडेला लाल.

“मॅडम,” शेठ म्हणाले, आणि आवाज दुकानातलाच ठेवला, “माल परत करायचाय.”

बाईने सोबतच्या मुलीकडे पाहिलं, मग मान हलवली. “वॉर्न ऑलरेडी. सोल्ड. कॅनॉट.”

“पैसे नकोत. जास्तीचे देतो. फक्त ही ठेवा आणि ती द्या.”

“सोल्ड इज सोल्ड,” बाई नम्रपणे म्हणाली. “शी गो होम विथ फॅमिली. दॅट वन स्टे. कॅनॉट एम्प्टी.”

शेठ भांडले नाहीत. ही पाटी त्यांनी स्वतः एकेचाळीस वर्षं लावली होती, आणि तिच्यापुढे रडलेली, चिडलेली, हात जोडलेली माणसं पाहिली होती. एकालाही माल परत घेतला नव्हता. पोलिसांना काय सांगणार? शुभाला काय सांगणार? ते स्टुलावर बसले. सोबतची मुलगी भिंतीला टेकून, त्यांच्याकडे बघत, हसत उभी होती. एसी घरघरत होता.

पाटीची दुसरी ओळ त्यांना थोड्या वेळाने आठवली.

“माप बदलून देता का?” त्यांनी विचारलं. “एक्स्चेंज. ओन्ली साइझ.”

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. पांढरा हाफ बुशशर्ट, खिशाला पेन, करडी पँट, चपला. वरपासून खालपर्यंत, एकदाच. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, एका दुकानदाराने दुसऱ्याला ओळखल्यावर येतं तसं.

“साइझ एक्स्चेंज,” ती म्हणाली, “कॅन.”

शेठनी मनातल्या मनात सौदा फिरवून पाहिला. एकाहत्तर वर्षांचा, उन्हात उभा राहिलेला माल. त्याच्या बदल्यात पंधरा वर्षांचा, कोरा. असा भाव त्यांना आयुष्यात कुणी दिला नव्हता.

“द्या बांधून,” ते म्हणाले.

बाईने पडदा सरकवला. आधी ती मुलगी आत गेली, तोंड त्यांच्याकडे करून, एकेक पाऊल मागे टाकत. मग शेठ. आत उकडत होतं. टक्, टक्, टक्.

७

खिडकीतून गल्ली छान दिसते. समोरच्या भिंतीवर एक मोठा मासा रंगवलेला आहे. ऊन तिरपं येतं आणि काचेवर बराच वेळ राहतं. अंगावर कुठला कपडा आहे ते शेठना मान खाली करून बघता येत नाही, पण कापड सुती आहे आणि मागून कुठे टोचत नाही.

जिन्यावर आवाज आला तो त्यांनी ऐकला. “आयो, आजोबा, सो लाँग लाह! पाय दुखले ना माझे. किती वेळ उभं केलं त्या आंटीने!” आणि मग ती खाली गल्लीत आली. जाई. टी-शर्टमध्ये, वाकडी, कोपर खरवडत. ती पुढे चालू लागली आणि शेठना तिची पाठ दिसली. टी-शर्ट सैल, चुरगळलेला, घामाने मध्ये चिकटलेला. नुसती पाठ. त्यांनी ती डोळे भरून पाहिली.

तिच्या बुटाची लेस सुटलेली होती. शेजारून चालणाऱ्या माणसाने वाकून ती बांधली नाही.

माशाच्या चित्रापाशी जाई थांबली. शेजारच्याच्या तोंडाकडे बघून काहीतरी विचारलं. आज गप्प का, असंच असणार. उत्तर आलं नाही, तेव्हा तिने खांदे उडवले आणि स्वतःच बोलायला लागली, हातवारे करत. आधी तिने गाडीचं स्टिअरिंग फिरवलं. मग बोट दाखवलं, उंचावर, शोकेसमध्ये. मग हातात फ्रॉक धरल्यासारखं करून दारात उभी राहिली.

शेजारचा माणूस मन लावून ऐकत होता. त्याच्या पांढऱ्या बुशशर्टच्या पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत, उन्हात एक बारीक रांग चमकत होती. हात सफाईदार होता, एवढं शेठना कबूल करावं लागलं.

जाईचा किस्सा संपला. ती थांबली, त्याच्याकडे बघत.

त्याचे खांदे हलले. अगदी वेळेवर.